धोक्याची चौकट

संपदा आरवाडेला त्या पानातून काय काय मिळणार होतं, ते आधी मांडलेलं बरं.

एक तर नाव. ‘झारी’ हे घरच्या घरी रक्त शुद्ध करणारं यंत्र. ते सुरू केलं की छोट्या पडद्यावर सगळ्यात आधी पानकऱ्याचं नाव उजळायचं, म्हणजे त्या यंत्राचं माहितीपान ज्याने बांधलं त्याचं. कऱ्हाडपासून बेळगावपर्यंत ज्या ज्या घरात कुणाची मूत्रपिंडं थकली होती, तिथे सकाळी सकाळी ‘पानकरी: संपदा आरवाडे’ ही अक्षरं दिसणार होती. नावाच्या पाठोपाठ कंपनीच्या पान-विभागाच्या प्रमुखाची खुर्ची येत होती. ती आजवर संपदापेक्षा कमी काम करणाऱ्या आणि जास्त बोलणाऱ्यांच्या वाट्याला गेली होती. तिसरा लाभ तिने कुणाला बोलून दाखवला नसता, पण तिच्या लेखी तोच मोठा होता. जयसिंगपूरच्या नणंदेचं तोंड बंद होणार होतं.

ही नणंद म्हणजे त्रिशलाबाई चौगुले, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. भावाची बायको काय करते, असं कुठल्याही लग्नात कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे. “आमची संपदा ना? ती ओळीच्या आधी ठिपका देते. पगारी काम आहे.”

खरं सांगायचं तर त्रिशलाबाई फार चुकत नव्हत्या. संपदा ठिपकेच द्यायची. ते कशासाठी, एवढं मात्र समजून घ्यायला हवं.

काही वर्षांपूर्वी यंत्रं स्वतःच्या मनाने ठरवायला शिकली, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. मग एखादं यंत्र असं का वागलं, हे विचारायची वेळ आली. उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्यांनी ती बनवली, तेही एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा नियम झाला. माणसाच्या जिवाशी गाठ असलेल्या यंत्राने आपल्या माहितीपानात लिहिलंय तेवढंच करायचं, आणि ते पान माणसालाही वाचता आलं पाहिजे. दोघांना मिळून पान एकच. यंत्राच्या पोटात एक वाचक बसवलेला असतो. तो पान वाचतो आणि त्याबरहुकूम यंत्र चालवतो.

आता माणसाला ठळक अक्षर दिसलं की तो सावध होतो. वाचकाला ठळक आणि बारीक यातलं काही कळत नाही. त्यासाठी मॅक्रो. संगणकाच्या प्रणालींची माहितीपानं लिहिणाऱ्या मंडळींनी ही युक्ती फार पूर्वीच काढली होती: ओळीच्या आरंभी एक ठिपका आणि दोन-तीन अक्षरं. त्या अक्षरांची सविस्तर व्याख्या दुसरीकडे, एकाच जागी. पान लिहिणाऱ्याने फक्त सांगायचं की हा धोका, ही मर्यादा, हे उदाहरण. बाकीचं व्याख्या बघते. ‘.धो’ लिहिलं की छापताना त्या मजकुराभोवती जाड काळी चौकट पडते, आणि वाचकाला तो मजकूर इतर सगळ्या आज्ञांच्या डोक्यावर बसलेला दिसतो. ‘.उदा’ लिहिलं की मजकूर जरा आत सरकतो, अक्षर नाजूक होतं, आणि वाचक तो ऐकून सोडून देतो. उदाहरण समजावण्यापुरतं असतं, पाळायचं नसतं.

देवनागरीतला हा संच मिरजेच्या इर्शाद सतारमेकरांनी बांधला होता. घराणं सतारी करणारं. मुलाने भोपळे सोडून ठिपके धरले म्हणून वडिलांनी बराच काळ अबोला धरला होता. लिफ्ट, पंप, यंत्रमाग, वाटणयंत्र, सगळ्यांची पानं या संचावर उभी होती. इर्शादचाचांना मिरवायची सवय नव्हती. एका गोष्टीचा मात्र त्यांना उघड अभिमान होता. संच निघाल्यापासून त्यात अक्षरं सुबक झाली, ओळी नीट बसू लागल्या, पण एकाही ठिपक्याचा अर्थ बदलला नव्हता. भागातले बहुतेक पानकरी त्यांच्याच हाताखालून गेलेले, आणि संपदा त्यातली लाडकी.

झारीचं पान पुरं झालं, चाचण्या पार पडल्या, तेव्हा विक्री बघणारे बिपिन पाटणकर छापील प्रत घेऊन कुपवाडच्या ऑफिसात तिच्या टेबलाशी आले. प्रत त्यांनी अशी दोन बोटांत धरली होती, की जणू ती ओली आहे.

“मॅडम, हे माहितीपान आहे की पेपरातलं श्रद्धांजलीचं पान? चार ओळी झाल्या की काळी चौकट. पेशंट यंत्र घरी आणायच्या आधीच हाय खाईल.”

पाटणकर माणूस वाईट नव्हता. आपली कल्पना दुसऱ्याच्या सहीने अमलात आणायची त्याला सवय होती, एवढंच. आणि या वेळी तो बोलला ते संपदाला आधीपासून सलत होतं. तिला नजर होती. चौकटींनी पानाचा गळा आवळलाय, हे तिलाही दिसत होतं. चौकट बारीक करणं तिच्या हातात नव्हतं, ती व्याख्या संचातली. मग तिने सगळ्यात भयंकर धोके चौकटीत ठेवले आणि जरा सौम्य वाटणाऱ्यांच्या आधीचा ‘.धो’ काढून ‘.उदा’ टाकला. शब्द तेच, क्रम तोच. पान मोकळं झालं, नुसतं बघत राहावं असं.

दिसण्यासाठी ठिपका बदलायचा नाही, हे चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण ही चूक नवशिका करत नाही, कारण कोणता ठिपका कसा दिसतो हे त्याला पाठच नसतं. ती करायला हात बसलेला लागतो. पानाच्या दुसऱ्या वाचकाला डोळे नसतात, हे संपदा त्या दुपारी विसरली. जुनं आणि नवं छापील पान अक्षराला अक्षर लावून तपासलं गेलं. एकही शब्द बदललेला नाही, म्हणजे पुन्हा चाचणीची गरज नाही. पानाला मंजुरी मिळाली आणि संपदाला खुर्ची.

पहिल्या खेपेतली एक झारी तिने खटपट करून त्रिशलाबाईंना मिळवून दिली. त्यांना एक दिवसाआड मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागे, ती धावपळ वाचली. त्रिशलाबाईंनी उपकार मानले, पण पडद्यावर विणलेला रुमाल घातला. धूळ बसते म्हणाल्या. ती अक्षरं रोज सकाळी वाचायला लागू नयेत, हे कारण संपदाने ओळखलं आणि मनातल्या मनात स्वतःला एक गुण दिला.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व लागलं आणि तिसऱ्या दिवशी त्रिशलाबाई झारीवर असताना बेशुद्ध पडल्या. भोंगा वाजला, पण यंत्र अंगातलं पाणी ओढतच राहिलं. मुलीने, अक्षताने, स्वयंपाकघरातून धावत येऊन लाल बटण दाबलं. डॉक्टरांनी शिरेतून पाणी चढवलं, दाब वर आला, माणूस वाचला. झारीच्या नोंदीत एकच शब्द होता: पानाप्रमाणे.

त्या शब्दाने संपदाची झोप गेली. पानात तर लिहिलेलं होतं, दाब झपाट्याने उतरू लागला तर पाणी ओढणं थांबवावं. तिने स्वतः लिहिलेलं. सकाळी ऑफिसात तिने छापील नव्हे, कच्चं पान उघडलं, ठिपके दिसतात ते. त्या ओळीच्या आधी ‘.उदा’ होता. वाचकाने ती ओळ ऐकली होती, आणि उदाहरण म्हणून सोडून दिली होती.

ती थेट जयसिंगपूरला गेली. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण त्रिशलाबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. अक्षताला दूध आणायला पिटाळलं, दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून सांगितलं की त्यांनी दहा उपासांचं व्रत धरलंय. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. आईने केले होते, सासूने केले होते. आपण नोकरीच्या धबडग्यात पुढे ढकलत राहिलो, आता शरीर किती दिवस साथ देणार. डॉक्टरांनी बजावून नाही म्हटलंय. म्हणून जेवणाचं ताट रोज परसात गाईपुढे जात होतं. शिरेतून गेलेलं पाणी व्रतात धरत नाहीत, हेही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि उपास चालूच होता.

“माझ्यामुळेच झालं हे,” त्या म्हणाल्या. “सन्मतीला कळता कामा नये. तो घर डोक्यावर घेईल. तू एवढं माझ्यासाठी कर. कुणी विचारलं तर यंत्र ठीक आहे म्हणून सांग.”

सन्मती म्हणजे संपदाचा नवरा, त्रिशलाबाईंचा धाकटा भाऊ. बघा, काय योग होता. जिच्यावर बेतलं होतं, तीच हात जोडून सांगत होती की यंत्राला दोष देऊ नकोस. गप्प राहणं हा उपकार ठरणार होता, आणि तोही आयुष्यभर टोमणे मारणाऱ्या नणंदेवर. संपदा “बरं, वन्सं,” एवढंच म्हणून निघाली.

पण पर्व एकट्या त्रिशलाबाईंचं नव्हतं. सांगलीपासून निपाणीपर्यंत घरोघर उपास चालू होते, आणि त्यातल्या काही घरांत झारी होती. उपाशी माणसाच्या अंगात ओढायला पाणी कमी असतं. दाब उतरतो तो अशाच वेळी. पान दुरुस्त करायला हवं होतं, आणि आजच. मात्र धोक्याची सूचना बदलली की नियमाप्रमाणे भागातली प्रत्येक झारी बंद पडणार होती. घरातल्या कुणीतरी सगळे धोके मोठ्याने वाचायचे, समोर नोंदलेला पानकरी साक्षीला बसवायचा, आणि तो ‘ऐकलं’ म्हणाल्यावरच यंत्र जागं व्हायचं. कंपनीकडे पानकरी मोजके. आणि ज्याच्या पानात असा धोका सापडला, त्याचं नाव त्या पानावरून जायचं, पुन्हा कुठल्याच पानावर न येण्यासाठी.

एक पळवाट होती, आणि ती फक्त ठिपक्याच्या धंद्यातल्या माणसाला सुचावी. पानाला हात न लावता व्याख्या बदलायची. संचात ‘.उदा’ पाळायचा असतो असं लिहिलं, की झारीचं पान आपोआप सुधारेल. एकही झारी बंद पडणार नाही, कुणाला काही कळणार नाही. संच इर्शादचाचांच्या हाती होता.

चाचा मिरजेच्या घरी माडीवर बसले होते. संपदाने आडवळणाने विचारून पाहिलं, ते कशासाठी म्हणाले, आणि मग तिने सगळं सांगितलं. ते रागावतील अशी तिची अपेक्षा होती. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. त्यांनी चष्म्याची काच पुसली.

“एका ओळीचं काम आहे,” ते म्हणाले. “आत्ता करून देतो. पण बाजारातल्या लिफ्टच्या पानात लिहिलंय, समजा तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर जायचंय. उद्या सकाळपासून सगळ्या लिफ्टा तिसऱ्या मजल्यावर. वाटणयंत्राच्या पानात आहे, समजा लसणीची चटणी करायचीय. मग घरोघरी लसूण.”

संपदाला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडू. झारीपुरताच अर्थ वेगळा करता येईल का, तिने विचारलं.

“येईल की. मग उद्या दुसरा येईल, पंपापुरता करा म्हणेल. त्याचंही कारण चांगलंच असेल. असं होत होत ठिपक्याचा अर्थ पान बघून कळेनासा होईल, मला विचारायला यावं लागेल. मी किती दिवस पुरणार?” ते थांबले. “तुझं नाव जाईल, पोरी. ते वाचवायचं माझ्या हातात आहे आणि मी वाचवत नाहीये. माझ्यावर राग धरायचा तर धर, तेवढा हक्क आहे तुला.”

तिने धरला. समोर आलेला चहा तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी ती पुन्हा जयसिंगपूरला गेली. त्रिशलाबाई जप करत होत्या. संपदाने त्यांना मध्येच थांबवलं, हे तिच्या संसारात पहिल्यांदाच घडलं, आणि ठिपक्याची हकिकत सांगितली.

“म्हणजे मी उपासाने पडले नाही?”

“दाब उपासाने उतरला, वन्सं. पण झारीने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, ते माझ्यामुळे. आज मी ते लिहून जाहीर करणार. उपासाचं कुठे येणार नाही.”

त्रिशलाबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, पेपर तपासताना अनपेक्षित बरोबर उत्तर सापडावं तसं.

“काल मी तुला आयती सुटका दिली होती.”

“हो.”

“ती घेतली असतीस तर मला कधी कळलंही नसतं.” मग माळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “एका ठिपक्याने माणूस मरू शकतं तर. आधी सांगायचंस ना, मी लग्नांत जरा जपून बोलले असते.”

ऑफिसात पाटणकरांनी समजुतीचा मार्ग काढून ठेवला होता. पर्व संपू दे, नेहमीची सुधारणा येईलच, त्यात कारण लिहू, मांडणीत किरकोळ बदल. संपदाने ऐकून घेतलं, ‘.उदा’ होते तिथे पुन्हा ‘.धो’ केले, आणि कारणाच्या जागी लिहिलं: धोक्याच्या सूचना दिसायला बऱ्या वाटाव्यात म्हणून उदाहरणात टाकल्या होत्या. चूक माझी. संपदा आरवाडे.

दुपारपर्यंत भागातल्या सगळ्या झाऱ्या बंद पडल्या.

पुढे जे झालं, त्याचा अंदाज कंपनीतल्या एकाही माणसाला नव्हता. साक्षीचा पानकरी कुठल्याही कारखान्याचा चालतो, नियमात तशी अट नाही. इर्शादचाचांनी फोन उचलला आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून लावला. लिफ्टवाले आले, पंपवाले आले, इचलकरंजीहून यंत्रमागांचे पानकरी मोटारसायकलींवर आले. प्रतिस्पर्धी कंपनीच्या दोघी आल्या, त्यांनी रजेचं कारण ‘घरचं काम’ लिहिलं होतं. कुणाला कुणी बोलावणं धाडलं नव्हतं, चाचांनी फक्त संपदाने लिहिलेलं कारण वाचून दाखवलं होतं. आपल्यातल्या एकीने असं लिहिलं, म्हणजे आता घरी बसून भागणार नाही, हे त्या मंडळींना परस्पर कळलं. ठिपके देणारी माणसं एकलकोंडी असतात असा माझाही समज होता. तो सोडून द्यावा लागला.

चाचा स्वतः फिरले. सन्मतीने दुकान बंद ठेवून त्यांना आपल्या गाडीतून नेलं. ओट्यांवर, गिरण्यांच्या मागच्या खोल्यांत, उसाच्या फडाशेजारच्या घरांत त्या दिवसांत एकच वाक्य ऐकू येत होतं. दाब झपाट्याने उतरू लागला तर पाणी ओढणं थांबवावं. कुणी शाळेतल्या कवितेसारखं म्हणे, कुणी कोर्टातल्या जबाबासारखं. शिरोळच्या एका आजोबांनी वाचून झाल्यावर साक्षीदाराला विचारलं, मग इतके दिवस ते थांबत नव्हतं काय? साक्षीदाराने नव्हतं म्हणून सांगितलं. आजोबांनी यंत्राकडे जरा वेळ बघितलं आणि बरं, लावा म्हणाले. खरं सांगितलं की माणसं यंत्र परत पाठवतात, हा पाटणकरांचा ठोकताळा होता. झाऱ्या परत आल्या त्या थोड्याच.

यंत्रं जागी होईपर्यंत पेशंटना दवाखान्यात जावं लागलं, आणि तिथे त्रिशलाबाईंना जे ठाऊक होतं ते डॉक्टरांना नव्हतं. उपास धरलेली बाई ‘जेवले’ म्हणून सांगते. त्या स्वतः तेच सांगत आल्या होत्या. कुरुंदवाडच्या दोघी आणि नांद्र्याची एक, तिघींची नावं त्यांना माहीत होती. तिघींनी त्यांच्याच उत्साहाने व्रत धरलं होतं. मिरजेला त्या एकाच दवाखान्यात जायच्या, तिथली मैत्री.

व्रताचा आठवा दिवस होता. जयसिंगपूरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा आटोपून मंडपात प्रवचन सुरू व्हायचं होतं, तिघी आलेल्या होत्या. त्रिशलाबाई अक्षताचा हात धरून उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “मी डॉक्टरांशी खोटं बोलून उपास धरला आणि मरता मरता वाचले. ज्यांनी ज्यांनी असं केलंय त्यांनी आज दवाखान्यात खरं सांगायचं.”

कुणी हललं नाही. सगळ्यांदेखत खरं सांगणं सोपं नसतं, हे त्यांनी जोखलं असावं. त्या बाहेर आल्या, बस्तीच्या पायरीवर बसल्या, अक्षताच्या पिशवीतून डबा काढला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मऊ भाताचे दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला नांद्र्याची बाई शेजारी येऊन बसली. त्रिशलाबाईंनी डबा तिच्याकडे सरकवला. थोड्या वेळाने कुरुंदवाडच्या दोघीही आल्या. संपदा त्या वेळी समोरच्या गल्लीत एका घरात साक्षीला बसली होती. तिला हे सगळं अक्षताकडून कळलं.

आता हिशेब.

कंपनीचं भलं झालं. बाहेरच्या राज्यांतून मागणी आली, की चूक कबूल करणारं यंत्र आम्हालाही हवं. पाटणकर परिषदांमधून प्रामाणिकपणावर भाषणं देतात, आणि चांगली देतात. इर्शादचाचांच्या संचात अजून एकाही ठिपक्याचा अर्थ बदललेला नाही. त्यासाठी त्यांची कंबर गेली. त्या दिवसांत रस्त्यांच्या खड्ड्यांतून फिरल्यापासून त्यांना पट्टा बांधल्याशिवाय माडी चढता येत नाही. शिरोळच्या आजोबांना त्या गडबडीत दवाखान्याच्या बाकावर निजावं लागलं. संपदाचं नाव पानावरून गेलं, खुर्चीही गेली. नव्या पानकऱ्याचं कच्चं पान आधी तिच्या टेबलावर येतं, ते कुठे लिहिलेलं नसतं. चाचांकडे ती महिन्याभराने गेली आणि चहा पिऊन आली.

सगळ्यात जास्त भरलं ते त्रिशलाबाईंनी. सात उपास झाले होते, तीन उरले होते, आणि ते पुन्हा या देहाने होणार नाहीत हे त्यांना पायरीवर बसतानाच माहीत होतं. त्याची वसुली त्या दर भाद्रपदात संपदाकडून करतात. पर्व लागलं की फोन येतो. “तुझ्या एका ठिपक्यापायी माझे तीन उपास राहिले गं,” असं सुरू होतं आणि मग अर्धा तास चालतं. संपदा मध्ये बोलत नाही. शेवटी “हो, वन्सं,” म्हणते, आणि फोन ठेवण्याआधी विचारते, आज जेवलात ना.